चारी बाजू लाल

सदाशिव पेठ, पुणे
११ जानेवारी २०२५

तेजू,

तू मला फोनवर ब्लॉक केल्याला दीड वर्ष होत आलं. टपालखात्यात ती सोय अजून आलेली नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडता बाजूला ठेवशील, हे गृहीत आहे. निदान ठेव. परत पाठवू नकोस, कारण परत आलेलं पाकीट आपला पोस्टमन जिन्यात मोठ्यानं नाव वाचून देतो.

काम किरकोळ आहे. तुझ्या फोनवर सिग्नल तोडल्याचं ई-चलन आलं असेल, सोबत फोटो. स्कूटर अजून तुझ्याच नावावर आहे, त्यामुळे बापाचे पराक्रम सरकार लेकीला कळवतं. याआधीही आली असतील. तू त्याबद्दल कधी काही बोलली नाहीस. म्हणजे तू कशाबद्दलच बोलत नाहीस, पण त्याबद्दलही बोलली नाहीस. या चलनाकडे लक्ष देऊ नकोस. मी बघतो.

झालं असं की मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या चौकात एक बाई स्कूटरसमोर आल्या आणि पडल्या. पायाला लागलं. मी स्वतः त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, त्यांच्या यजमानांशेजारी बसून. त्यांना चहा पाजला. माणुसकी म्हणून करायचं ते सगळं केलं. मी घाईत होतो, डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, ती चुकली. असो.

चौक तुला माहीत आहे. दिवसातून शंभरदा तिथे अशी वेळ येते की चारी बाजूंना लाल असतो आणि फक्त पादचाऱ्यांसाठीचा तो छोटा हिरवा माणूस चालत असतो. ज्या इंजिनिअरनं ही योजना केली त्याला वाटलं असणार, तेवढ्यात म्हातारीकोतारी रस्ता ओलांडतील. पुणेकरानं त्यातून वेगळा अर्थ काढला. चारी बाजू लाल, म्हणजे आडवं कुणी येणार नाही, म्हणजे रस्ता मोकळा, म्हणजे जा. हिरव्यात जाण्यापेक्षा हे सुरक्षित, कारण हिरव्यात दुसऱ्या बाजूचे लालवाले येतात. यावर मी लेख लिहिला होता आणि त्याबद्दल शिस्तप्रिय पुणेकर संघानं मला शाल दिली होती. ती तू इस्त्रीच्या टेबलावर अंथरलीस.

थंडी बरी आहे. कपाटातला तुझा कॉलेजचा निळा विंडचीटर मी वापरतो. चालत नसेल तर कळव, म्हणजे त्या निमित्तानं कळवशील.

बाबा


सदाशिव पेठ
१७ जानेवारी

तेजू,

उत्तराची अपेक्षा नव्हती. ती तू पूर्ण केलीस.

काल दिगंबर येऊन गेला. तुझा दिगंबरकाका, ज्यानं जन्मभर वकिली केली आणि एकही खटला संपू दिला नाही. मी त्याला सहज म्हणून विचारलं, सिग्नल तोडल्याची पावती ऑनलाइन भरता येते ना?

"शऱ्या," तो म्हणाला, "पावती माणूस आडवा झालेला नसतो तेव्हा. बाईंची नडगी मोडली आहे. बेदरकारपणे गाडी चालवणं, गंभीर दुखापत, वर मोटार वाहन कायदा. लायसन्स जाईल ते वेगळंच. आत बसवायचीही तरतूद आहे."

"किती दिवस?"

"तुझे लेख वाचायला लोकांना जेवढे लागतात त्याहून कमी."

त्यानं समजावलं ते असं. पोलिसांकडे कॅमेऱ्यातला गाडीचा नंबर आहे. ते मालकाला नोटीस देतात, की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते अमुक मुदतीत कळवा. मालक तू. म्हणजे नोटीस तुझ्याकडे आली असेल. मी त्या ठिकाणी होतो हे सगळ्यांना माहीत आहे. कशासाठी होतो, ते मात्र कुणाला माहीत नाही.

मग दिगंबरनं गाडीचा नंबर घालून चलनातला फोटो काढला आणि बराच वेळ मोठा करून करून पाहिला. हेल्मेट, काच खाली, निळा विंडचीटर, पाठीवर तुझ्या कॉलेजचं नाव. म्हणाला, "यात तू आहेस हे तुझी बायको असती तर तिलाही सांगता आलं नसतं. ही सरळसरळ तेजू आहे."

मी फक्त त्याचं म्हणणं तुझ्या कानावर घालतो. त्याचं म्हणणं, तरुण मुलगी, नोकरी करणारी, पहिलाच गुन्हा, बाई पुढ्यात आल्या म्हणून गांगरली. कोर्ट समज देऊन सोडेल. माझं तसं नाही. मी वीस वर्षं सिग्नलवरच पोट भरतो आहे. 'चौकाचौकात' या सदराचा लेखक चौकात सापडला, तर लोक हसतील, आणि ते हसणं मला कसं असतं ते माहीत आहे, कारण तो माल मीच पुरवतो.

तुझा साखरपुडा मोडला तेव्हा परत आलेल्या पेढ्यांवर मी लेख लिहिला. नाव घेतलं नव्हतं, पण पेठेत नावाची गरज पडत नाही. तू वाघोलीला जाऊन राहिलीस ती त्यावरून. तेव्हा मी तुला न विचारता वापरलं. या वेळी विचारतो आहे. ही प्रगती समज.

पत्र वाचून फाड.

बाबा


सदाशिव पेठ
२२ जानेवारी

तेजू,

मागचं पत्र फाडलं नसशील तर फाड. फाडलं असशील तर त्यात काही नव्हतं.

आज त्या बाईंना भेटून आलो. खडकवासल्याच्या अलीकडचं गाव, आता महापालिकेत आलेलं. बसनं गेलो, संत्री घेऊन. का गेलो म्हणशील तर दिगंबर म्हणाला होता, जाऊ नकोस. त्याचं एक तरी ऐकायचं नाही असं ठरवलं.

घर मोठं आहे, दारात दोन गाड्या. यजमानांचं नाव मच्छिंद्र. मला पाहून ते दारातूनच ओरडले, "अगं, त्ये रिक्षावालं सर आलं. देवमानूस आला."

मुक्ताबाई कॉटवर होत्या, प्लास्टरातला पाय उशीवर. म्हणाल्या, "बसा भाऊ. ह्यांचं आयकू नका, च्या घ्या."

मी बसलो.

"मी हिला म्हनलो व्हतो," मच्छिंद्र सांगू लागले, "थांब, गाड्या थांबू दे. पेठंतली लोकं हायती, थांबायची न्हाईत. मी सोता थांबत न्हाई, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं सिग्नलला थांबलं तर मागचा इचारतो, डिझेल संपलं का म्हनून."

"मग?"

"मग ही म्हनती, अवो, हिरवा मानूस लागलाय की."

मुक्ताबाई हसल्या. "डोळ्याचं आप्रेशन झाल्तं ना भाऊ. पट्टी काढल्यावर डाक्टरला दावायला आल्तो. येवढं लांबचं साफ कवा दिसलंच न्हवतं. मीच ह्यांना दावला, त्यो बघा, हिरवा, चालतोय. मग मी बी चालले."

मला संत्र्याची पिशवी कुठे ठेवावी कळेना. मांडीवरच ठेवली.

"त्यो स्कूटरवाला घावू द्या निस्ता," मच्छिंद्र म्हणाले. "निळं जाकीट व्हतं. पोरगा व्हता का पोरगी, काय कळलं न्हाई. मानूस मोडून गेलं, वळून बघितलं न्हाई. पोरगी असली तर तिच्या बापाला जाऊन इचारनार हाय मी, काय शिकिवलं म्हनून."

त्यानंतर त्यांनी त्या पोरीला ज्या शिव्या दिल्या त्या लिहीत नाही. स्कूटर जशी तुझ्या नावावर आहे, तशा त्या शिव्याही मी तुझ्या नावावर करायला निघालो होतो. मी चहा प्यालो. बशीत सांडलेलाही प्यालो. मुक्ताबाईंनी सुनेला सांगून मला शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या, त्याही घेतल्या. बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं की मच्छिंद्र त्यात काहीतरी खायला घालायचे, असं वाटलं. हेही खरं नाही. दोन वेळा सगळे गप्प होते आणि दोन्ही वेळा मी पंख्याकडे पाहिलं.

सोमवारी पोलिस स्टेशनला जातो. तू काहीही लिहून देऊ नकोस. मी जातो.

शेंगा तशाच आहेत. आमटी करायला हात होत नाही.

बाबा


सदाशिव पेठ
२६ जानेवारी

तेजू,

आज खाली झेंडावंदन झालं. नागरी कर्तव्यावर दोन शब्द बोलायला मला दरवर्षी बोलावतात. बोललो नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. हे या महिन्यातलं शेवटचं खोटं असावं अशी इच्छा आहे.

सोमवारी जातो असं तुला लिहिलं होतं. काल शनिवारी दुपारी दारावर एक हवालदार उभे. साईनाथ नाव. आधी म्हणाले, "सर, तुमचे लेख वाचतो. मिसेसपण वाचतात." मग खिशातून कागद काढला.

"मुलीनं लिहून दिलंय. गाडी वडील चालवतात म्हणून."

मला राग आला, तेजू. खोटं का लिहू. पहिल्या क्षणी राग आला. बापाला असं... वगैरे. त्या वाक्याचं पुढे काय करायचं ते सुचेपर्यंत साईनाथ बोलत राहिले.

"नोटीस मिळाली त्याच दिवशी आल्या होत्या त्या. मला म्हणाल्या, मुदत आहे ना, तर शेवटच्या दिवसापर्यंत लिहून घेऊ नका. ते येतील स्वतःहून. रोज फोन करायच्या, आले का म्हणून. मध्ये एक दिवस फोन आला नाही. मला वाटलं, संपलं. तर दुसऱ्या दिवशी परत, आले का. परवा संध्याकाळी आल्या, बाकावर बसून राहिल्या. मीच म्हटलं शेवटी, मॅडम, आता लिहून द्या, मला घरी जायचंय."

तो मधला दिवस कोणता, ते मी विचारलं. माझं सतरा तारखेचं पत्र तुला मिळालं असेल तो.

"काही म्हणाली का?"

"म्हणाल्या, शुगर आहे त्यांना, जेवणाच्या वेळेला बसवून ठेवू नका."

आता जे लिहायला हवं होतं ते लिहितो. क्रम लागणार नाही.

डॉक्टरांची वेळ नव्हती. मी चक्का आणायला चाललो होतो आणि दुकान उघडायला अवकाश होता. बाई समोर आल्या नाहीत. त्या पट्ट्यांवरून चालल्या होत्या, नवऱ्याला हिरवा माणूस दाखवत, आणि मी त्यांच्यावर गेलो. हँडलला धक्का बसला, मागून "ए, ए" असं ऐकू आलं, आणि मी पुढे गेलो. जोरात नाही. नेहमी जातो तसा.

पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. तिथे मी थांबलो.

झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे, पाय टेकून, आकडा शून्यावर येईपर्यंत. शेजारचे दोघे निघून गेले तरी मी थांबून होतो. इतका कायदा मी जन्मात पाळला नव्हता. मग डावीकडच्या बोळात गाडी लावली, हेल्मेट अडकवलं, तुझा विंडचीटर डिकीत कोंबला आणि शर्टावर चालत परत आलो. गर्दी झाली होती. एकजण म्हणाला, काका, जरा धरा इकडून, आणि मी धरलं. मच्छिंद्र रिक्षात रडत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते म्हणाले, तुमच्यासारखी मानसं हायती म्हनून. मी म्हणालो, अहो, त्यात काय.

मी तुला लिहिलं होतं, माणुसकी म्हणून करायचं ते सगळं केलं. ते वाक्य परत घेतो.

साईनाथांबरोबर लगेच गेलो. जबाब दिला, रिक्षासकट. त्यांनी रात्रीच्या जेवणाच्या आधी सोडलं. तू सांगितलं होतंस म्हणून.

बाबा


सदाशिव पेठ
२ सप्टेंबर

तेजू,

काल निकाल लागला. तुला साईनाथांकडून कळलं असेल, पण त्यांच्याआधी मी सांगायला हवं अशी सवय लावून घेतो आहे.

दिगंबरला घेतलं नाही. तो म्हणत होता, कबूल होऊ नकोस, साक्षीदार कंटाळतील, पाच-सात वर्षं सहज निघतात. मी कबूल झालो. न्यायाधीश बाई तुझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी विचारलं, "काही सांगायचं आहे? सिग्नल का तोडला?"

या प्रश्नावर मी वीस वर्षं लिहिलं आहे. लोकांना घाई असते म्हणून, पोलिस नसतो म्हणून, पोलिस असला तरी झाडामागे फोनवर असतो म्हणून, पुढचा गेला म्हणून, तोडणाऱ्याला शहाणा समजतात म्हणून. त्यातलं एकही कामाला येईना. मी म्हणालो, "मागे एक मुलगा हॉर्न वाजवत होता. बाकी सगळे गेले होते. मी एकटाच थांबलेलो होतो. लाज वाटली."

कोर्टात लोक हसले. मागच्या बाकावरचा एक वकील तर खोकेपर्यंत हसला. माझ्या वाक्याला इतकं चांगलं हसू बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

मुक्ताबाई काठी टेकत आल्या होत्या. न्यायाधीशांनी मच्छिंद्रांना विचारलं, तुमचं काय म्हणणं. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"धडक दिली त्याचं येवढं काय न्हाई, मॅडम. मी बी गाडी चालिवतो, उद्या माझ्याकडनं व्हईल. पर ह्यो मानूस रिक्षात माझ्या हातावर हात ठिवून बसला व्हता. आमच्या घरी येऊन च्या प्याला. त्येला काय कलम हाय का?"

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," मच्छिंद्र म्हणाले आणि खाली बसले.

दंड, मुक्ताबाईंना भरपाई, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. ही शिक्षा तुला माहीत नसेल, मलाही नव्हती. संध्याकाळी न्यायाधीश उठेपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहायचं, हलायचं नाही. लायसन्स आरटीओनं आधीच निलंबित केलं आहे. मी बसलो. समोर दिवसभर माणसं येत होती, बहुतेक माझ्यासारखीच, आणि प्रत्येकाला कुठेतरी पोचायची घाई होती म्हणून तो तिथे पोचला होता. यावर लेख चांगला झाला असता. संपादकांचा फोनही आला होता, की स्वतःवरच लिहा, लोक डोक्यावर घेतील. घेतील हे मला माहीत आहे. म्हणूनच नाही म्हणालो. सदर बंद केलं आहे. तू आता पेपर उघडायला हरकत नाही.

दुपारी मुक्ताबाई जाताना माझ्या बाकापाशी थांबल्या. मी उठायला लागलो, तर शिपाई म्हणाला, बसा. बसल्याबसल्याच मी त्यांना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "भाऊ, शेंगा खाल्ल्या का?"

मी म्हणालो, "नाही."

"वाया घालिवल्या मंग," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना उतरायला वेळ लागत होता. काठीचा आवाज जिन्यावर बराच वेळ येत होता.

आता चालतच फिरतो. आपल्या चौकात चारी बाजू लाल होतात, हिरवा माणूस लागतो, आणि माझा पाय उचलत नाही. सगळ्या गाड्या खरंच थांबल्यात का हे बघत राहतो, तेवढ्यात तो माणूस पळायला लागतो आणि लाल होतो. परवा मागची बाई म्हणाली, "आजोबा, जायचं नसेल तर बाजूला तरी व्हा." झालो बाजूला. एक गोष्ट मात्र तिथे उभं राहून कळली. तू शेवटच्या दिवसापर्यंत थांबलीस, त्या संध्याकाळी पोलिस स्टेशनच्या बाकावर बसून, ते मी येईन म्हणून. तुझ्यामागेही कुणीतरी हॉर्न वाजवत असणारच. दिगंबर नक्की वाजवत होता, त्यानं तुला फोन केला होता हे त्यानंच मला सांगितलं. तरी तू हलली नाहीस. आणि मी आलोच नाही.

स्कूटर खाली लावली आहे. किल्ली स्टेशनरीच्या दुकानात ठेवली आहे, वर यायची गरज नाही. मी रोज सकाळी फिरायला जातो, ती वेळ तुला माहीत आहे, तेव्हा ने. डिकीत तुझा विंडचीटर आहे. धुतला आहे. घालावासा वाटला नाही तर समजू शकतो, पण टाकू नकोस, त्यानं काही केलेलं नाही.

तुझ्या फोनमध्ये तो फोटो अजून असेल. पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, पण तुला सरळ असं कधी लिहिलं नव्हतं, सगळी पत्रं आठवून पाहिली. म्हणून लिहितो. त्या फोटोतला माणूस मी आहे.

बाबा